मोह आला म्हणजे हरलो का?

मागच्या भागाचा हा लिखित मजकूर. कांदिवली ते मालाडमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं आणि जे मग मला "आवाज तुटतोय" असा मेसेज टाकतात, त्यांच्यासाठी खास. बोलताना जे पाल्हाळ झालं ते थोडं कापलंय. रेकॉर्डिंगमध्ये दोनदा कुकरची शिट्टी आहे, ती इथे ऐकू येणार नाही.

हा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून सुरू झाला. नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही, पण त्याच्या परवानगीने मुद्दा सांगतो. वय चोवीस. रविवारी प्रभुभोजन घेतो, मनापासून ठरवतो की आता बास. बुधवारी रात्री साडेअकराला फोन हातात असतो आणि जे बघायचं नाही असं ठरवलेलं असतं तेच बघून होतं. गुरुवारी स्वतःची किळस येते. गेले तीन रविवार तो उपासनेला गेलाच नाही, कारण, त्याच्याच शब्दांचा अर्थ सांगायचा तर, ढोंगी म्हणून बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आणि शेवटी त्याने विचारलं: मला इतका मोह होतो म्हणजे माझा विश्वास खोटाच आहे का?

मित्रा, तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. मोह होणं आणि मोहात पडणं. त्या आधी सोडवू.

नव्या करारात मोहासाठी ग्रीक शब्द येतो 'पेइरास्मोस'. गंमत म्हणजे त्याचे दोन अर्थ आहेत: परीक्षा आणि मोह. सोनं खरं आहे का बघायला कसोटीवर घासतात तीही परीक्षा, आणि कुणी मुद्दाम घसरवायला तेल ओततो तोही तोच शब्द. म्हणूनच आपल्या मराठी पवित्र शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत 'परीक्षा' आहे आणि माझे कॅथलिक मित्र म्हणताना 'मोह' म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. एकच प्रसंग देवाच्या बाजूने परीक्षा असतो आणि सैतानाच्या बाजूने मोह. या ओळीवरून जगभर वाद झालाय. देवच आपल्याला मोहात नेतो असा अर्थ निघू नये म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत आक्षेप घेतला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं, की बाप लेकराला ढकलून देऊन ते कसं पडतं हे बघत बसत नाही, तो उचलायला धावतो. इटालियन प्रार्थनेतली ती ओळ बदलली आणि नोव्हेंबर २०२० पासून तिथे नवे शब्द म्हणतात. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हेच आहे: देव कुणाला मोहात पाडत नाही.

आता मत्तय, चौथा अध्याय. हा प्रसंग आपण संडे स्कूलपासून ऐकतोय, फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवलेला सैतान बघितलाय, त्यामुळे त्यातली धार बोथट झालीये. पण क्रम बघा. येशूचा बाप्तिस्मा होतो, आकाशातून बापाचा आवाज येतो की हा माझा लाडका पुत्र, आणि लगेच पुढची गोष्ट म्हणजे अरण्य आणि मोह. लगेच. म्हणजे मोह हा देवापासून लांब गेल्याचा पुरावा असेल, तर येशू त्या क्षणी सगळ्यात लांब असायला हवा होता. इब्री लोकांस पत्रात स्पष्ट म्हटलंय की त्याला आपल्यासारखाच सगळ्या बाबतींत मोह झाला, फक्त पाप झालं नाही. तेव्हा व्हॉइस नोटमधल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. मोह होणं हे पाप नाही.

पहिला मोह काय होता? भाकरी. चाळीस दिवस उपाशी माणसाला भाकरी! भाकरीत वाईट काय आहे? काही नाही. मोह बहुतेक वेळा असाच येतो. वाईट गोष्ट वाईट चेहऱ्याने येत नाही, खरी गरज चुकीच्या वाटेने भागवायचं आमिष येतं. जवळीक हवी असणं ही गरज खरी आहे. दमल्यावर डोकं बंद करावंसं वाटणं खरं आहे. आपल्याला कुणीतरी विचारावं असं वाटणंही खरं आहे. व्यसनमुक्तीच्या गटांत एक चाचणी शिकवतात: हात तिकडे जायला लागला की थांबून बघ, भूक लागलीये, राग आलाय, एकटं वाटतंय की दमलोय? चारांपैकी किमान एक सापडतंच. आता आपला दिवस आठवा. सकाळी आठला घर सोडलंय, कांदिवली स्टेशनला शेअर रिक्षाची रांग, लोकलमध्ये एका पायावर उभं, ऑफिसात कुणीतरी झापलंय, रात्री नऊला चारकोप नाक्यावर उतरून वडापाववर भागवलंय. अकरा वाजेपर्यंत चारही गोष्टी जमा झालेल्या असतात. बुधवारी रात्री तू अचानक वाईट झालास असं नाही, तू रिकामा झालेला असतोस.

आणखी एक गोष्ट जी मला कॉलेज संपेपर्यंत कुणी दाखवली नव्हती. येशू तिन्ही वेळा जे उत्तर देतो ते अनुवाद या पुस्तकातलं आहे, सहावा आणि आठवा अध्याय, आणि ते अध्याय इस्राएल लोकांच्या अरण्यातल्या चाळीस वर्षांबद्दल आहेत. तिथे ते भाकरीवरून कुरकुरले, देवाची परीक्षा बघितली, दुसऱ्या देवांमागे गेले. जिथे जिथे ते पडले तिथे तिथे येशू उभा राहतो. सैतानालाही शास्त्र पाठ आहे बरं, तो स्तोत्र ९१ वापरतो. तेव्हा "मला वचनं पाठ आहेत" एवढ्यावर विसंबू नका. पण दुसरी बाजूही बघा, येशू त्याच्याशी चर्चा करत बसत नाही. प्रत्येक उत्तर एका वाक्याचं. हव्वा सापाशी बोलत बसली आणि तिथेच निम्मं काम झालं.

आता याकोबाकडे परत येतो, कारण त्याने मोहाचा जो आराखडा दिलाय तो माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला फार आवडतो. तो म्हणतो, माणसाची स्वतःची इच्छा त्याला ओढते, गळाला लावते, मग इच्छा गर्भार होते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला जन्म देतं. शब्द मासेमारीचे आणि बाळंतपणाचे आहेत. गळ, मग गर्भ, मग जन्म. याचा अर्थ मध्ये वेळ आहे. पाप विजेसारखं कोसळत नाही, त्याला पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीवर थांबणं खालच्या पायरीवर थांबण्यापेक्षा खूप सोपं असतं. आपण काय करतो? शेवटच्या पायरीवर प्रार्थना सुरू करतो आणि मग म्हणतो देवाने ऐकलं नाही.

आणि इथे फोनबद्दल बोलायलाच हवं, कारण गळ तयार करणं हा आता पगारी धंदा आहे. मी त्याच व्यवसायात आहे म्हणून सांगतो. कुठलं बटण कुठल्या रंगाचं ठेवलं की लोक जास्त वेळ थांबतात हे बघायला दोन आवृत्त्या हजारो लोकांना दाखवतात, जिंकलेली ठेवतात. तुम्ही खाली सरकवत राहता आणि पान संपतच नाही, ती युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने काढली. पुढे त्यानेच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आधी पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं, आणि त्या अर्ध्या सेकंदात माणसाला विचार करायला जागा असायची. याकोबाच्या पायऱ्यांमधली ती जागाच काढून टाकली. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो तेही तेच. आणि पुढचा व्हिडिओ कधी भारी असतो, कधी फालतू, कधी हवा तो. कधी मिळेल हे माहीत नसलं की हात जास्त वेळा जातो, हे जुगाराच्या मशीनवाल्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. पैसे लावून रमी आणि फँटसी क्रिकेट खेळायच्या ॲप्सवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली ती उगाच नाही. आमच्या यूथ ग्रुपमध्ये त्या कायद्यावर वाद झाला, काहींना ती सरकारची दादागिरी वाटली. मला नाही वाटली. ज्या घरात पगाराच्या दिवशीच पगार गेलेला मी बघितलाय, तिथे विचारा.

पण म्हणून सगळा दोष ॲपवर टाकून मोकळं होता येत नाही. याकोब म्हणतो स्वतःची इच्छा. गळ त्यांचा, भूक आपली.

उपदेशात या विषयावर एक सल्ला हमखास मिळतो: रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ऐकून मला हसू येतं. चारकोपची सेक्टरमधली घरं ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल. १९८० च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे लहान लहान प्लॉट आखून दिले, रस्ता, पाणी, गटार त्यांचं, घर ज्याने त्याने बांधायचं. बैठी घरं, भिंतीला भिंत. नंतर कुणी वर माळा चढवला, कुणी तो भाड्याने दिला. दुसरी खोली कुठून आणायची? आई-बाबा, आजी, धाकटी बहीण, सगळे एकाच दिव्याखाली. एकांत मिळतो तो एकच, पांघरुणाखालचा, आणि त्यात सोबतीला फोन असतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की प्रार्थनेला आपल्या खोलीत जाऊन दार लाव. तिथला ग्रीक शब्द कोठीच्या खोलीसाठीचा आहे, धान्य-सामान ठेवायच्या. गरिबाच्या घरात दार लागणारी तेवढीच जागा असेल. आपल्याकडे ती गच्ची असेल, पाण्याच्या टाकीमागे. किंवा पहाटेची लोकल, जिथे कुणी कुणाकडे बघत नाही. फोनसाठी मात्र दुसरी खोली लागत नाही. ओट्यावर मिक्सरचा प्लग असतो. तिथे चार्जिंगला लावायचा, बिछान्यापासून सात पावलं. सात पावलं उठून चालत जाणं म्हणजे रास्किनने काढून टाकलेला तो अर्धा सेकंद परत आणणं. गजराला शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळ मिळतं.

आता एक जुना माणूस भेटवतो. इव्हाग्रियस, चौथ्या शतकातला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये गाजलेला, बोलण्यात हुशार, मंडळीत वजन असलेला तरुण सेवक. एका विवाहित बाईच्या प्रेमात पडला. प्रकरण हाताबाहेर जायच्या आत त्याला एक स्वप्न पडलं आणि त्याने शहरच सोडलं, जहाजात बसून थेट यरुशलेम गाठलं. पुढे इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि ३९९ मध्ये मरेपर्यंत तिथल्या साधूंमध्ये राहिला. तिथे त्याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली: खादाडपणा, वासना, लोभ, उदासी, राग, कंटाळा, लोकांच्या कौतुकाची हाव आणि गर्व. दोनशे वर्षांनी पोप ग्रेगरी यांनी त्याच यादीवरून सात मोठ्या पापांची यादी बनवली, जी आज सिनेमांत दिसते. पण इव्हाग्रियसने 'पापं' म्हटलं नव्हतं, 'विचार' म्हटलं होतं. त्याचा मुद्दा हा की विचार यावा की न यावा हे आपल्या हातात नाही, तो मुक्कामाला राहावा की नाही हे आपल्या हातात आहे. चोवीस वर्षांच्या आपल्या मित्राला सोळाशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय.

त्या आठांतला 'कंटाळा' वाचून मी गार पडलो. तो लिहितो की सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास हा हल्ला होतो. साधूला वाटतं सूर्य हललाच नाही. तो खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे बघतो, इकडेतिकडे बघतो की कुणी भेटायला येतंय का. मग त्याला ती जागाच नकोशी होते, काम नकोसं होतं, वाटतं दुसरीकडे कुठेतरी जास्त बरं असेल. वाळवंटात, फोन नसताना! आपण मीटिंग चालू असताना दर चार मिनिटांनी स्क्रीन पेटवून काही आलंय का बघतो, लिंक्डइनवर बॅचमेटचं नवं पॅकेज बघतो आणि आपलं आयुष्य नकोसं होतं. नाव फक्त बदललंय. आणि मला वाटतं, रात्रीच्या मोठ्या पडण्याची तयारी दुपारच्या या छोट्या पळवाटांनी होते. ज्याला दुपारी तीन मिनिटं कंटाळा सोसवत नाही त्याला रात्री अर्धा तास मोह कसा सोसवेल?

आता ते तीन चुकवलेले रविवार. माझ्या मते बुधवारच्या रात्रीपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, पौल सांगतो की अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेऊ नका. हे ऐकून कितीतरी मुलं मागच्या बाकावर बसून राहतात. पण पुढचं वाक्य वाचा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, असं तो म्हणतो. स्वतःची परीक्षा करून घरी जावं असं तो म्हणत नाही. आणि संदर्भही बघा, तो ज्यांना झापतोय ते श्रीमंत लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे आणि गरीब येईपर्यंत काही उरायचं नाही. रडत परत येणाऱ्याला उद्देशून ते लिहिलेलं नाही. पापाचं काय करायचं हे पाळकांशी बोल, पण टेबलापासून लांब राहून माणूस बरा होत नाही.

पेत्र आठवा. कोळी माणूस. आपल्या गोराई-मनोरीच्या लोकांना तो लगेच कळतो. विस्तवाजवळ हात शेकत त्याने तीनदा सांगितलं की मी त्याला ओळखत नाही. पुढे योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून मासळी भाजत बसलाय, आणि पेत्राला न्याहारीला बोलावतो. योहान दोन्ही ठिकाणी कोळशाच्या विस्तवासाठी तोच शब्द वापरतो. ज्या वासाने पेत्राला आपली सगळ्यात वाईट रात्र आठवावी त्याच वासात त्याला तीनदा विचारलं जातं, तू माझ्यावर प्रेम करतोस का. यहूदालाही पस्तावा झाला होता, त्याने पैसे परत नेऊन टाकले होते. पण तो एकटाच राहिला. पेत्र बाकीच्यांबरोबर होडीत होता.

इथवर मोहाचं झालं. पण मोह टाळणं म्हणजे पवित्रता नाही. नाहीतर बंद पडलेला फोन सगळ्यात पवित्र झाला असता.

मराठी माणसाला 'पवित्र' म्हटलं की मनात पटकन सोवळं येतं. शिवू नको, लांब राहा, विटाळ होईल. आपल्या ख्रिस्ती घरांतही ते वेगळ्या वेषात आहे, अमुक सिनेमा बघणारे, तमुक ठिकाणी जाणारे, टॅटू काढणारे. जुन्या करारातला हिब्रू शब्द 'कादोश' म्हणजे वेगळं काढलेलं हे खरं, पण कशासाठी वेगळं? आईकडे दुधाचं पातेलं असतं ना, त्यात दुसरं काही शिजवलं तर ती ओरडते. बाकीची पातेली घाणेरडी असतात म्हणून नाही, हे एका कामासाठी ठेवलंय म्हणून. आणि ते पातेलं कपाटात नसतं, रोज गॅसवर असतं.

हा फरक लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' मध्ये जितका दिसतो तितका मला कुठल्या ईश्वरज्ञानाच्या पुस्तकात दिसला नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परत आल्या, पण सोवळं सोडलं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, आणि बदल झाला तो त्यांच्या स्वतःच्या डोक्यात. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सरळ सोडवला. देवाने केल्या असत्या तर प्राण्यांमध्ये दिसतो तसा फरक माणसांच्या शरीरात दिसला असता, तो तर नाही. बस. त्यानंतर कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चाललं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू जे सांगतो, की बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळवत नाही, आतून बाहेर येणारं विटाळवतं, ते त्या स्वयंपाकघरात जगल्या. त्यांच्यासाठी पवित्र होणं म्हणजे लांब राहणं सोडणं होतं.

आणि त्याच पुस्तकात टिळकांचा राग आहे. इतका मोठा कवी, 'ख्रिस्तायन' लिहायला घेणारा, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडणारा माणूस, घरात क्षणात भडकायचा आणि क्षणात विरघळायचा. हातात आलेले पैसे वाटून टाकायचा आणि घरात काय शिजणार हे बायकोने बघायचं. लक्ष्मीबाईंनी हे लपवलं नाही, नवऱ्याची टिंगलही केली नाही, हसत हसत लिहिलं. मला यात मोठा दिलासा वाटतो. आपल्याकडे साक्षी कशा देतात? आधी वाईट होतो, एका रविवारी प्रभू भेटला, तेव्हापासून सगळं छान. टिळकांचं तसं नव्हतं. पवित्रीकरण चालू असतं, आणि ते किती झालंय हे व्यासपीठावरून कळत नाही, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला कळतं. चारकोपच्या भिंतींमधून तर नक्कीच.

पंडिता रमाबाईंबद्दल खरं तर वेगळा भाग करायला हवा. १८९८ मध्ये त्या इंग्लंडमधल्या केझिकच्या मेळाव्याला गेल्या होत्या, तो मेळावाच पवित्र जीवनासाठी भरायचा. पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांचं पवित्र जीवन दिसायचं कसं? दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवण, विहिरी, विणकाम, छापखाना, आणि वर्षानुवर्षं चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर. १९०५ मध्ये तिथे मोठं संजीवन झालं, रात्र रात्र प्रार्थना, पापकबुली. आपण त्याचीच गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी भाकऱ्याही थापल्या जात होत्या, ते सांगत नाही.

आपल्यासाठी भाकरी थापणं म्हणजे काय? टाइमशीटवर आठ तास लिहिताना खरंच आठ झाले का हे बघणं. मार्चमध्ये टॅक्स वाचवायला घरभाड्याच्या खोट्या पावत्या लावायच्या नाहीत, अख्खी टीम लावत असली तरी. हे बोललो की लोक म्हणतात तू फारच बारीक बघतोस. असेल. पण ज्या ग्रुपमध्ये वासनेवर चार चार सेशन होतात तिथे खोट्या पावत्यांवर एक होत नाही, हे मला खटकतं.

करायचं काय, हे राहिलंच. काही मोहांशी लढायचं नसतं, पळायचं असतं. उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात योसेफ पोटीफरच्या बायकोसमोर प्रवचन देत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. इव्हाग्रियसने बोट पकडली. त्या पळण्याची किंमतही पडली, योसेफ तुरुंगात गेला. ॲप काढून टाकल्यावर ग्रुपमधले मीम कळत नाहीत, ही आपली किंमत. त्या मानाने स्वस्त आहे.

काही मोहांपासून मात्र पळता येत नाही. रागापासून कुठे पळणार, आईशी एकाच घरात राहायचंय. तिथे इग्नेशियस लोयोलाची एक पद्धत मला आवडते. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकात आहे. एकच दोष निवडायचा, एकच. सकाळी उठल्यावर ठरवायचं. मग कागदावर प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. रात्री वरची रेघ खालच्या रेघेशी ताडून बघायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. आणि पडल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत असलो तरी कुणाला कळत नाही. आमच्या कामात याला लॉग म्हणतात! सर्व्हर पडला तर आम्ही त्याला शिव्या देत नाही, कधी पडला, त्याआधी काय चालू होतं हे बघतो. माझ्या ओळखीच्या एकाने महिनाभर ठिपके काढले तेव्हा त्याला कळलं की त्याचे जवळपास सगळे ठिपके रात्री एकटं जेवल्याच्या दिवशी पडतात. आता तो आणि त्याच्या सेक्टरमधला एक जण बुधवारी नाक्यावर एकत्र भुर्जीपाव खातात. हे इतकं साधं उत्तर प्रार्थनासभेत कुणाला सुचलं नसतं. मात्र पाच दोष एकदम घेऊ नका. आणि ठिपके कमी झाले म्हणून देव जास्त प्रेम करतो असं समजू नका, तो हिशेब क्रुसावर मिटलाय.

दुसरं म्हणजे माणसं. जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम लिहिले. दर आठवड्याला भेटायचं आणि एकमेकांना विचारायचं की मागच्या भेटीनंतर कुठलं पाप घडलं, कुठले मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली. तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपण पडलेलंच मोजतो, सुटलेलं कुणी विचारत नाही. आम्ही तिघं हे करतो, गुरुवारी रात्री, खाडीच्या बाजूला खारफुटीजवळच्या रस्त्यावर चालत चालत. समोरासमोर बसून बोलायला लाज वाटते, चालताना वाटत नाही. वीस मिनिटं पुरतात. नियम दोन: सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि व्हॉट्सॲपवर काही लिहायचं नाही. मुलींनी मुलींबरोबर करावं, आणि हो, हे सगळे मोह मुलींना नसतात असं समजणारे जे पाळक आहेत त्यांच्यामुळे मुली जास्त एकट्या पडतात, हे मला किमान चार जणींनी कळवलंय.

आणि गोष्ट मोहाच्या पलीकडे जाऊन व्यसन झाली असेल, झोप, नोकरी, पैसे जात असतील, जगणं नको वाटत असेल, तर गुरुवारचं चालणं पुरणार नाही. प्रार्थना करा आणि समुपदेशकाकडेही जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जाताना विश्वास कमी पडला म्हणत नाही.

पुढच्या भागात ऑफिसातला हेवा आणि लिंक्डइन, म्हणजे इव्हाग्रियसच्या यादीतली कौतुकाची हाव. व्हॉइस नोट पाठवायची असेल तर दोन मिनिटांच्या आत ठेवा. नाव सांगायची गरज नाही.